उलटी हिरवी होती

जतकडच्या एका वस्तीवरून आलेलं आठ दिवसांचं बाळ. रेफरच्या चिठ्ठीवर नुसतं ‘उलट्या’. रंग विचारला तेव्हा आजीनं पिशवीतून झबलंच काढलं. “मेथीच्या रसागत हिरवी हुती बघा. सांगत हुते, पर थेंब दिऊन घरी धाडलं.” आजी बरोबर होती. नवजात बाळाची उलटी हिरवी असली, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आतड्याला पीळ पडलाय असंच धरायचं. मिरजेपर्यंत पोचायला दीड दिवस गेला, आणि त्यात प्रवास जेमतेम दोन तासांचा. बाळंतिणीच्या डिस्चार्ज कार्डावर लसींच्या तारखा असतात. हिरव्या उलटीबद्दल एक ओळ मला अजून कुठल्या कार्डावर दिसली नाही.

गर्भात दहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं नाळेतून पोटात परततं आणि एकूण 270 अंश फिरून जागेवर बसतं. हे फिरणं अर्धवट राहिलं, तर सगळं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबतं. रक्तवाहिनीही त्याच देठातली. देठ पिळला की रक्त बंद.

पोट उघडलं तर आतडं जांभळं-काळं. घड्याळाच्या दिशेनं पडलेला पीळ उलट फिरवून सोडवला, कोमट सलाईनमध्ये भिजवलेले मॉप (कापडी घड्या) गुंडाळले. अमेरिकन सर्जन विल्यम लॅड यांनी 1936 साली मांडलेली शस्त्रक्रिया हाताच्या सवयीची आहे: आडवे पट्टे कापायचे, देठ रुंद करायचा, लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे. अवघड असतं ते मॉप काढून रंग बघणं.

माझ्या हाताखाली शिकणारा डॉक्टर, रजिस्ट्रार, म्हणाला, “सर, काळं तेवढं काढून टाकूया.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मेलेलं आतडं आत राहिलं तर सकाळपर्यंत जंतुसंसर्ग बाळाला नेतो. पण काळं सगळं काढलं असतं, तर दूध पचवण्याइतकं आतडंच उरलं नसतं. मग महिनोन्‌महिने शिरेतून पोषण. कोरडवाहू शेतीवरच्या कुठल्या घराला ते झेपतं? काही न कापता पोट तात्पुरतं झाकलं आणि बाळ एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) नेलं.

छत्तीस तासांनी पुन्हा उघडलं. बहुतेक आतडं गुलाबी झालं होतं. मधला एक तुकडा गेला होता. तो काढून टोकं जोडली.

बाळ आता आईचं दूध घेतंय. आजीनं गुटीचं विचारलं, मी स्पष्ट नाही म्हटलं. रजिस्ट्रार मात्र अजून विचारतो, पहिल्या रात्री कशावरून ठरवलंत? रंग, देठातल्या धमनीचे ठोके, चिमट्यानं हलकेच दाबल्यावर आतडं आकसतं का, हे तिन्ही पाहिलं होतं. तिन्हींची उत्तरं अर्धवट होती. याहून नेमकं मला त्याला अजून सांगता आलेलं नाही.