सात पिकांचं रान आणि ई-पीक पाहणीतल्या चार जागा : माझा अनुभव

मिश्र पीक घेणाऱ्यांनी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलच्या ॲपवर आपल्या पिकाची आपणच केलेली नोंद, झाल्यावर महिन्याभरानं सातबारा परत काढून बघावा, हे आधीच सांगून टाकतो. बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं करा. २०२३ च्या खरिपात माझ्या रानात तूर उभी होती आणि गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागावर, तिचं नाव नव्हतं. ती परत चढेपर्यंत जो ताप झाला, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

रान बालाघाटाच्या डोंगराच्या उतारावरचं, मुरमाड, ९० आर. चहूबाजूंनी सोयाबीन. आमच्याकडं माय इरवड, म्हणजे एकाच रानात ओळीओळीनं वेगवेगळी पिकं पेरणं, सोडू देत नाही. बाजरीचे सहा तास (ओळी), तुरीचे दोन, नवव्या तासाला अर्धा मूग, अर्धी मटकी. टेकाडावर हुलगा, बाजरीच्या बियाण्यात मूठभर तीळ, बांधाकडंनं अंबाडी. सात पिकं. यामागं मायचा हिशेब सरळ आहे. मूग साठ-पासष्ट दिवसांत घरात येतो, बाजरी तीन महिन्यांच्या आत. तुरीचं सोटमूळ खोल जातं आणि ती परतीच्या पावसावर भरते. मटकी जमीन झाकून ओल धरते. पावसानं कुठल्याही महिन्यात दगा दिला, तरी सातही पिकं एकदम जात नाहीत.

त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. मूग शेंगा भरायच्या वेळी करपला. बाजरीची कणसं वरून मोकळीच राहिली, सरमाड, म्हणजे चाऱ्याची ताटं, तेवढं हाती लागलं. शेजारच्या सोयाबीनच्या शेंगांत दाणा नव्हता. आमची तूर मात्र पिवळी पडून थांबली आणि सप्टेंबरच्या पावसानं पुन्हा फुटली. त्या वर्षी आमचा भरवसा तिच्यावरच होता, म्हणून ती कागदावरून गेली तेव्हा फार लागलं.

पाहणीचं काम तसं सोपं आहे. गट निवडला, पेरणीची तारीख टाकली, पिकात उभं राहून फोटो काढला. रेंज नव्हती, पण माहिती मोबाइलमध्ये साठते, गावात येऊन अपलोड केली. अडचण आली मिश्र पिकाच्या रकान्यात. तिथं एक मुख्य पीक आणि तीन दुय्यम पिकं, एवढीच जागा. मी मुख्य बाजरी ०.६० हेक्टर, तूर ०.२०, मूग ०.०५ आणि मटकी ०.०५ असं भरलं. क्षेत्र तास मोजून काढलं, तुम्हीही तसंच काढा. कोणी विचारलं तर रानात नेऊन दाखवता येतं. हुलगा, तीळ, अंबाडी बाहेर राहिली. त्या वर्षी एक रुपयात पीक विमा होता. बाजरी आणि तूर दोन्हींचा उतरवला होता.

शेतकऱ्यांच्या नोंदींपैकी किमान दहा टक्के तलाठ्यांनी पडताळायच्या असतात. त्यात आमचा गट आला. रानात कोण आलं, कधी आलं, आम्हाला कळलं नाही. पुढं पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, तर त्यावर बाजरी, निर्भेळ (म्हणजे एकच पीक), ०.९०.

तलाठी कार्यालयात गेलो. म्हटलं, "भाऊसाहेब, माझी तूर कुठं गेली?"

ते म्हणाले, "दादा, बांधावरून बाजरीच दिसती. एक पीक लावलं की तुम्हालाबी सोपं, आम्हालाबी सोपं."

"पण तूर उभी आहे अजून."

"आता नोंद कायम झाली. ॲपवाल्यांना विचारा."

मदत क्रमांकावर फोन केला. तिथली ताई नीट बोलली, पण तिचं उत्तर होतं की शेतकऱ्याला दुरुस्ती अठ्ठेचाळीस तासांतच आणि एकदाच करता येते, आता तलाठ्यांकडे जा. तलाठ्यांकडे गेलो तर ते बैठकीला. पुन्हा गेलो तर पंचनाम्याला. कोतवाल म्हणाला, सर्कलला (मंडळ अधिकाऱ्यांना) भेटा. सर्कल म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं तर पोच द्यायला कोणी तयार नाही. इकडं तुरीला फुलं लागली होती. आपल्या डोळ्यांपुढं उभ्या पिकाचा पुरावा आपणच मागत फिरायचा, याचा मला फार संताप आला. विमा कंपनी, हमीभावाचं खरेदी केंद्र, नुकसानीची मदत, सगळे त्या एका रकान्याकडं बघतात. विम्याच्या अर्जातलं पीक आणि पाहणीतलं पीक जुळलं नाही, तर त्या वर्षी पाहणीतलं धरत होते.

शेवटी काम झालं ते तहसीलच्या आवक-जावक टेबलावर. अर्ज तहसीलदारांच्या नावानं लिहिला, दोन प्रती केल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. सोबत पहिल्या दिवशीचे फोटो जोडले. त्यातला एक मी ऑगस्टमध्ये बाजरी कंबरेएवढी असताना तासाच्या तोंडाशी बसून काढला होता. डावीकडं बाजरी, उजवीकडं तुरीचे दोन तास, मधे मटकीचा वेल, आणि कोपऱ्यात तारीख-वेळ. शिक्क्याची प्रत दाखवल्यावर सर्कल रानात आले. माय त्यांना तासातासानं घेऊन फिरली. त्यांनी जागेवरच अहवाल लिहिला आणि तूर नोंदीवर आली. सातबाऱ्यावर 'तूर' वाचून माय म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं?" मला मात्र त्या दिवशी मोठं काम केल्यासारखं वाटलं.

आता आठवतील तशा चार गोष्टी. फोटो पीक लहान असतानाच काढा, बाजरी वाढली की तूर झाकते. दुय्यम पिकांच्या तीन जागा निवडताना आधी विम्याच्या यादीतली पिकं घ्या. त्या वेळच्या खरिपाच्या चौदा पिकांत तूर, मूग, उडीद, तीळ, कारळं होती. मटकी आणि हुलगा नव्हते. मी पुढच्या वेळी मटकीच्या जागी तीळ टाकला, मन मात्र राजी नव्हतं, कारण दुष्काळात मटकी टिकली होती. 'निर्भेळ करून टाका, सोपं जातं' असं कोणीही म्हटलं तरी ऐकू नका. अठ्ठेचाळीस तासांच्या आत आपली नोंद स्वतः उघडून बघा, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर ठेवू नका.

दुय्यम पिकांच्या जागा वाढवा, म्हणून ग्रामसभेत मी लेखी मागणी ठेवली आहे. बालाघाटात अजून इरवड पेरणारी घरं आहेत. त्यांनीही आपापल्या गावात ही मागणी ठेवावी. मसुदा हवा असेल तर माझ्याकडचा देतो.