कर्ज फिटलं, पण घराचे कागद बँकेकडेच: माझा अनुभव

गृहकर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत घराचे मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा, म्हणजे घरावरची कर्जाची नोंद, उतरवायचा, हे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई बँकेने कर्जदाराला द्यायची. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक १३ सप्टेंबर २०२३ चं आहे आणि १ डिसेंबर २०२३ पासून ते लागू झालं. आमचं कर्ज २०२४ च्या मे महिन्यात फिटलं. खातं बंद करताना शाखेतल्या कुणीही यातलं एक अक्षर आम्हाला सांगितलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साताऱ्याला लागून कोडोलीला आमचं घर. ह्यांना निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा पहिलं काम म्हणून राहिलेलं कर्ज एकरकमी भरलं. सासूबाईंना आता जिना चढवत नाही, म्हणून हे घर विकून तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं, कोरेगाव तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार. इसार दिला, इसारपावती झाली, त्यात दस्ताची मुदत लिहिली. सुभेदारांनाही कर्ज काढायचं होतं आणि त्यांच्या बँकेला मूळ खरेदीखत, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, बिनशेतीचा आदेश हे सगळं समोर हवं होतं. आमचे हे सगळे कागद कर्जापोटी देशातल्या एका मोठ्या खाजगी बँकेकडे होते.

पैसे भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘नो ड्यूज’चं पत्र मेलवर आलं. अभिनंदनाचा मेसेजही आला. कागद पंधरा-वीस दिवसांत शाखेत येतील असं तोंडी सांगितलं. महिना उलटला तरी काही नाही. शाखेत गेले की एक तरुण अधिकारी फार नम्रपणे सांगायचा, “काकू, मी मेल टाकलाय. कागद मुंबईच्या स्टोरेजला असतात, आमच्या हातात काही नाही.” मला त्याचा राग नव्हता. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. राग होता तो याचा, की वीस वर्षांचा हप्ता ठरवायला, थकला तर फोन करायला, दंड लावायला साताऱ्यातलीच शाखा पुरते, आणि आमचे कागद परत द्यायची वेळ आली की सगळे अधिकार एकदम मुंबईला जातात. समोर बसलेल्या माणसाला काही अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे तो कधी समोर येत नाही. मोठ्या कंपन्यांची ही पद्धत बसलेली आहे आणि त्यात माणूस दमून गप्प बसतो.

कस्टमर केअरचं तर विचारू नका. मराठीसाठी अमुक दाबा, कर्जासाठी तमुक दाबा, मग पाणी उकळेपर्यंत संगीत. माणूस लागला की तो तक्रार नोंदवून क्रमांक देणार, आणि तीन-चार दिवसांनी मेसेज येणार की आपल्या तक्रारीचं निराकरण करण्यात आलं आहे. कागद कुठे आहेत? कुणाला माहीत नाही. पण त्यांच्या दप्तरी तक्रार बंद.

मी हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क होते. आवक-जावक रजिस्टर माझ्याकडे होतं. आवक क्रमांक पडल्याशिवाय कागद ऑफिसात आलाच नाही असं धरतात, हे मला पक्कं ठाऊक. कोर्टाजवळ बसणारे आमच्या ओळखीचे वकील सर्च रिपोर्टची, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासायची, कामं करतात. त्यांनी परिपत्रकाची प्रत दिली आणि म्हणाले, “वहिनी, आता तोंडी बोलणं बंद करा.” परिपत्रक दोन-तीन पानांचंच आहे. घरी बसून सावकाश वाचलं. त्यातलं एक वाक्य फार कामाचं निघालं: उशीर होत असेल तर त्याचं कारण बँकेने कर्जदाराला कळवायचं. म्हणजे कारण विचारायचा मला हक्क होता.

अर्ज मराठीतच लिहिला, दोन प्रतींत. कर्ज खातं क्रमांक, पूर्ण परतफेडीची तारीख, परिपत्रकाची तारीख, कोणकोणते कागद बँकेकडे आहेत त्यांची यादी आणि दोन मागण्या: कागद द्या, आणि उशिराचं कारण लेखी द्या. शाखेत नेला तर शिक्का मारायला तयार नाहीत. “मॅडम, असे अर्ज आम्ही घेत नाही, मेल करा.” मी वाद घातला नाही. पोस्टात जाऊन शाखेला आणि बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवला, मेलही केला. गुलाबी पोचपावती घरी परत आली, तिच्यावर शाखेचा शिक्का आणि सही. जो शिक्का काउंटरवर मिळत नव्हता तो पोस्टमनच्या हातून मिळाला.

त्यानंतर शाखेतून पहिल्यांदाच फोन आला. कागद सापडले आहेत, पण नोंदणीची मूळ पावती त्यात नाही, ती बहुतेक तुम्ही जमाच केली नसेल.

इथे एक जुना कागद धावून आला. कर्ज घेताना बँक जमा झालेल्या कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी देते. ह्यांनी ती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवली होती. कडा पिवळ्या पडलेल्या, स्टेपलची पिन गंजून तिचा डाग खालच्या पानावर उतरलेला. पण शाई ठळक होती आणि चौथ्या ओळीला स्पष्ट लिहिलेलं: नोंदणी पावती, मूळ. शेजारी तेव्हाच्या अधिकाऱ्याची सही. तिची झेरॉक्स मी शाखेत टेबलावर ठेवली तेव्हा तो तरुण अधिकारी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला.

मग नवीनच निघालं. पावती गहाळ झाल्याची तक्रार पोलीस ठाण्यात मी द्यावी आणि प्रतिज्ञापत्र करून आणावं. कागद हरवला त्यांच्याकडे आणि तक्रार द्यायची मी! मी सही करून दिली असती तर पावती माझ्याकडून हरवली असंच कायमचं झालं असतं. परिपत्रकात याचंही उत्तर आहे. कागद बँकेकडून गहाळ झाले, सगळे असोत की काही, तर त्यांच्या नकला मिळवायला बँकेने मदत करायची, खर्च बँकेने सोसायचा आणि भरपाई वेगळी द्यायची. बँकेला त्यासाठी आणखी तीस दिवस मिळतात, म्हणजे भरपाईचे दिवस साठ दिवसांनंतर मोजायचे. हेही मी लेखी कळवलं. गहाळची तक्रार शेवटी बँकेच्याच माणसाने दिली.

मधल्या काळात सुभेदार काकांना भेटून सगळे कागद दाखवले. हा माणूस सरळ. म्हणाले, “ताई, तुमची खोट नाही. मुदत वाढवून घेऊ.” लेखी मुदतवाढ झाली. दुसरं कुणी असतं तर इसाराच्या दुप्पट मागून मोकळं झालं असतं. त्यांनी थांबणं पत्करलं हे माझ्यावर ऋण आहे.

माझ्या पत्राला तीस दिवसांत बँकेने धड उत्तर दिलं नाही, तेव्हा बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. तेव्हा लागू असलेली योजना नोव्हेंबर २०२१ ची होती. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, तीस दिवस वाट बघावी लागते, मग लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. खरं तर वकिलामार्फत तक्रार चालतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येते किंवा चंदीगडच्या केंद्राला पोस्टाने पाठवता येते. १४४४८ या नंबरवर मराठीत माहिती मिळते, मी तिथेच विचारून घेतलं. भाचीने फॉर्म भरून दिला, पण त्यातला मजकूर मी एका पानावर आधीच तारीखवार लिहून ठेवला होता. कोणत्या तारखेला काय झालं आणि त्याचा पुरावा कोणता, एवढंच. मनस्ताप, धावपळ, सासूबाईंचा जिना, यातलं काही त्यात लिहिलं नाही. ते लिहायची फार इच्छा होती, पण वकिलांनी सांगितलं की वाचणाऱ्याला तारखा हव्या असतात.

तक्रारीचा क्रमांक पडल्यावर बँकेचा सूर पालटला. पुण्याहून एक वरिष्ठ बाई स्वतः फोन करू लागल्या, नाव घेऊन, ‘जी’ लावून. दसऱ्याच्या सुमाराला कागदांचं सीलबंद पाकीट शाखेत आलं. पाकीट तिथेच फोडलं, जुन्या यादीवरून एकेक कागद पडताळला, खरेदीखताचं प्रत्येक पान उलटून पाहिलं आणि मगच पोच दिली. पोच देताना ‘नोंदणीची मूळ पावती मिळाली नाही’ असं हाताने लिहिलं. अधिकारी म्हणाला, फॉरमॅटमध्ये तसं लिहिता येत नाही. मी म्हटलं, मग पाकीट राहू दे. लिहू दिलं. पावतीऐवजी दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल बँकेने स्वखर्चाने काढून दिली आणि गहाळचं पत्र दिलं. सुभेदारांच्या बँकेच्या वकिलांनी ते मान्य केलं.

भरपाईवर मात्र ताणाताणी झाली. बँकेचं म्हणणं, दिवस माझ्या अर्जाच्या तारखेपासून मोजायचे. परिपत्रकात तर पूर्ण परतफेडीची तारीख धरलेली आहे, अर्ज करावा लागेल असं कुठेही म्हटलेलं नाही. लोकपाल कार्यालयाने विचारणा केल्यावर बँकेने परतफेडीची तारीख मान्य केली आणि साठ दिवसांपुढच्या प्रत्येक दिवसाचे पैसे खात्यात जमा केले. ते पैसे पाहून आमचे हे म्हणाले, उगीच मागितले असं वाटतंय. मला अजिबात तसं वाटलं नाही. आमचा एक हप्ता दोन दिवस उशिरा गेला होता तेव्हा बँकेने दंड लावताना क्षणभर विचार केला नव्हता.

राहिला होता सातबाऱ्यावरचा बोजा. कागद हातात आले म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. इतर हक्कांत बँकेचं नाव तसंच राहतं आणि विक्रीच्या वेळी आडवं येतं. बोजा कमी करायला बँकेचं पत्र लागतं. बँकेने दिलेल्या पत्रात गट नंबरच चुकीचा. तलाठी भाऊसाहेबांनी चष्मा वर करून पत्र परत दिलं, “ताई, हा गट दुसऱ्याचा आहे.” पुन्हा शाखा, पुन्हा मुंबई. दिवाळी त्यातच गेली. दुरुस्त पत्र आल्यावर फेरफार धरला, पंधरा दिवसांची नोटीस झाली, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि इतर हक्कांतून बँकेचं नाव गेलं. महसूल खात्याकडे यात एक दिवसाचीही दिरंगाई झाली नाही, हे मुद्दाम सांगते.

वाढवलेल्या मुदतीत दस्त झाला. सासूबाई आता तळमजल्यावर आहेत.

बँकेशी एक हिशेब अजून चालू आहे. परिपत्रकात कागदांबरोबर बोजा उतरवायचंही लिहिलं आहे. चुकीच्या गट नंबरामुळे बोजा उतरायला जो उशीर झाला त्याचे दिवस बँकेने धरलेले नाहीत. आपली जबाबदारी फक्त गहाणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय रजिस्टरपुरती, सातबारा आपल्याकडे येत नाही, असं त्यांचं उत्तर. माझं म्हणणं असं की सातबाऱ्यावर बोजा चढवताना बँकेला तो आपला वाटला, तर उतरवतानाही वाटला पाहिजे. तसा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला आहे, पोचपावती आली आहे आणि उत्तराचे तीस दिवस सुरू आहेत.