लोकरी हिवाळी कोट: लॅपल आणि कॉलरपर्यंतचे काम

कोटाचे धड जोडून झाले असून लॅपल (कॉलरखाली छातीवर बाहेर दुमडला जाणारा पुढचा भाग) आणि कॉलरही आकाराला आली आहेत. मांजरपाटाचा कच्चा कोट अंगावर घालून पाहिल्यावर पॅटर्नमध्ये दोनच बदल करावे लागले: पाठीची रुंदी थोडी वाढवली आणि खांद्याचा उतार कमी केला. हा कच्चा कोट जाड स्वेटरवरच घालून तपासावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हिवाळी कोटाला छातीत अंगाच्या मापापेक्षा साधारण १२ ते १५ सेंटिमीटर लूजिंग, म्हणजे जादा सैलपणा, लागते आणि ते पुरेसे आहे की नाही, हे हात पुढे घेऊन आणि वर उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कापड शुद्ध लोकरीचे मेल्टन, म्हणजे दाट, जाड आणि लव असलेले कापड आहे. लोकर वाफेने आटते, म्हणून बेतण्यापूर्वीच सगळ्या कापडाला वाफ देऊन ते सपाट पसरून वाळवले. लव सर्व भागांवर एकाच दिशेने ठेवली, अन्यथा शेजारचे दोन भाग वेगळ्या छटेचे दिसतात. मशीनला १०० नंबरची सुई लावली असून टाका साडेतीन मिलिमीटरचा ठेवला आहे.

खरे काम लॅपलचे होते. लॅपलच्या दुमडरेषेलगत सुती पट्टी रेषेच्या लांबीपेक्षा किंचित आखूड ठेवून हाताने शिवली; तिच्या ओढीमुळे लॅपल छातीला बिलगून राहते आणि पुढे झुकल्यावरही उघडी पडत नाही. त्यानंतर केसांच्या धाग्याचा कॅनव्हास (आकार टिकवणारे ताठ कापड) आतून ठेवून दुमडरेषेला समांतर ओळींत तिरके टाके घेतले. प्रत्येक टाक्यात सुईने खालच्या कापडाचा जेमतेम एखादा धागाच उचलायचा असतो आणि टाका घेताना लॅपल बोटावर वळवून धरायची असते, म्हणजे कापड आणि कॅनव्हास त्या वळणातच एकमेकांना बांधले जातात. दुमडीजवळ टाके साधारण एक सेंटिमीटरचे आणि टोकाकडे त्याच्या निम्मे ठेवले, कारण टोक आतल्या बाजूला वळायला हवे. कॅनव्हासऐवजी इस्त्रीने चिकटणारे इंटरलायनिंग (आतला आधाराचा थर) वापरले असते तर हे काम फार लवकर झाले असते आणि हलक्या जॅकेटसाठी मी तेच निवडेन. परंतु जाड लोकरीत हाताच्या टाक्यांनी येणारी ही जिवंत गोलाई चिकटवलेल्या थराला येत नाही.

खालची कॉलर उरेब (तिरक्या धाग्यावर धरलेल्या) कापडातून दोन तुकड्यांत कापली आणि तिलाही असेच टाके घालून, वाफ देऊन, इस्त्रीच्या घट्ट, गोल उशीवर मानेच्या आकारात पूर्ण वाळेपर्यंत ठेवली. वरची कॉलर मात्र बाहेरच्या कडांना ३ ते ४ मिलिमीटर मोठी लागते, कारण दुमडताना वरच्या थराला अधिक अंतर कापावे लागते. हा फरक पुस्तकी मापावर सोडू नये. त्याच कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून दुमडावेत आणि वरची कड किती मागे सरकते, ते प्रत्यक्ष मोजावे.

शिवणीची माया (शिवणीबाहेर सोडलेले जादा कापड) दोन्ही थरांत कमी-अधिक कापून जाडी विभागली. इस्त्री उचलल्याबरोबर शिवणीवर लाकडी ठोकळा दाबून धरला. लाकूड वाफ शोषून घेते आणि शिवण थंड होता होता सपाट बसते. केवळ इस्त्रीचा दाब वाढवल्यास लव चेपून कापडावर चमक येते.

आता बाह्या बसवायच्या आहेत. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा (धडावर बाही जोडतात त्या गोलापेक्षा) ३ ते ४ सेंटिमीटर लांब आहे. तो धावदोऱ्याने आवळून, वाफेने आटवून, चुणी न पडता मुंढ्यात बसवेन. अस्तराला पाठीच्या मध्यावर अडीच सेंटिमीटरची घडी ठेवली आहे, जेणेकरून हात हलवताना ते ताणले जाणार नाही. खालची कड मात्र कोट काही दिवस टांगून ठेवल्यावरच आखेन, कारण तिरक्या धाग्यावर कापलेले भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतात.