तुम्ही विचारलेत म्हणून: कासवाचा कार्यक्रम मी का सोडला

लहानपणी संध्याकाळी आमचा कार्यक्रम पाहणारी आणि आता स्वतः आईबाप झालेली माणसे भेटली की दोन-चार वाक्यांनंतर एकच प्रश्न येतो: "ताई, तुम्ही अचानक कुठे गेलात? कार्यक्रम का सोडलात?" विचारणाऱ्याच्या सुरात कुतूहलापेक्षा तक्रार अधिक असते आणि ती मला पोचते. आजवर "घरगुती कारण होते", "बरीच वर्षे झाली होती" असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. परिणामी माझ्या वतीने इतरांनीच उत्तरे तयार केली. मानधनावरून बिनसले, मोठ्यांच्या मालिकेत काम मिळाले, मुलांचा कंटाळा आला. मानधन कमी होते आणि त्यावरून मी भांडलेही, पण त्यासाठी सोडले नाही. मालिकांत मला कोणी बोलावले नाही. आणि मुलांचा कंटाळा आला, हे तर माझ्याच्याने ऐकवत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

कार्यक्रम कसा होता ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी, एक टेबल, टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून बसलेले कासव आणि त्याला पडणारे प्रश्न. तुम्हाला जे दिसत नव्हते तेवढेच सांगते. टेबलाखाली बैठ्या पाटावर एक माणूस बसलेला असे. त्याचा उजवा हात डोक्याच्या वर ताठ उचललेला आणि नजर पायांशी ठेवलेल्या छोट्या मॉनिटरवर, कारण आपल्याच हातातले कासव वर काय करते आहे हे त्याला त्या पडद्यावरच कळे. हातबाहुली अशी धरून पाहा. काही मिनिटांत खांदा भरून येतो आणि बोटे थरथरू लागतात. कासवाची मान कधी थरथरली नाही. मी चुकूनही खाली पाहायचे नाही, बोलायचे ते कासवाच्या डोळ्यांत पाहून, हा आमचा पहिला नियम होता. बोलणाऱ्याची नजर जिथे जाते तिथेच मुलाची नजर जाते.

टेबलाखालच्या त्या माणसाची खरी करामत मात्र गप्प राहण्यात होती. मी काही विचारले की कासव लगेच बोलत नसे. मान थोडी आत घेई, पुन्हा बाहेर काढी, एकदा माझ्याकडे आणि एकदा कॅमेऱ्याकडे पाही, आणि मग बोले. स्टुडिओत ती तीन-चार सेकंदांची शांतता जीवघेणी वाटते आणि संकलनाच्या टेबलावर पहिली कात्री तिलाच लागते. पण त्या सेकंदांत घरी बसलेले मूल स्वतःचे उत्तर देत असते. तो त्या शांततेसाठी प्रत्येक नव्या दिग्दर्शकाशी भांडला आणि प्रत्येक वेळी जिंकला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांची तशी इच्छा आहे.

पडद्यावरच्या माणसाबद्दल पाहणाऱ्याला जो एकतर्फी जिव्हाळा वाटतो, त्यावर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवले आहे. मोठ्या माणसाला तो एकतर्फी आहे हे निदान ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाला तेही ठाऊक नसते. त्याच्या लेखी मी त्याला पाहत असे, त्याचे ऐकत असे. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स आपल्या कार्यक्रमात माशांना खाऊ घालत, आणि घालतो आहोत हे मुद्दाम बोलून दाखवत, कारण एका अंध मुलीला माशांची काळजी लागून राहिली होती. त्यांना खायला मिळते की नाही हे तिला दिसत नव्हते. हे लक्षात घेतले नाही तर पुढचे सगळे तुम्हाला एका हळव्या बाईचा हट्ट वाटेल.

टेबलाखालचा आमचा माणूस हृदयविकाराने एकाएकी गेला. आमच्याकडे एका दिवसात अनेक भागांचे चित्रीकरण होई. मधल्या वेळात मी कपडे बदलायचे, म्हणजे पाहणाऱ्याला दुसरा दिवस वाटे. त्यामुळे प्रसारणासाठी तयार असलेल्या भागांचा मोठा साठा होता, आणि त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक आठवडे कासव रोज संध्याकाळी त्याच्याच आवाजात बोलत राहिले. त्याच्या घरी त्या वेळेला टीव्ही बंद असे. माझ्या घरी तो चालू असे, कारण बंद करणे मला जमत नव्हते.

त्याच दिवसांत पुढे काय करायचे यावर बैठक झाली. मुलांना खरे सांगावे, असे मी म्हणाले. माझ्यासमोर उदाहरण होते. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर 1982 मध्ये वारले. ते पात्र निवृत्त होऊन दूर राहायला गेले, असे दाखवण्याचा पर्याय निर्मात्यांपुढे होता. तो त्यांनी नाकारला, बालमानसशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि मिस्टर हूपर वारले आहेत, ते परत येणार नाहीत, असे कार्यक्रमातल्या बिग बर्ड या मोठ्या पक्ष्याला सरळ शब्दांत सांगितले. तो भाग 24 नोव्हेंबर 1983 रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुटीच्या दिवशी दाखवला, म्हणजे मुलांजवळ घरची मोठी माणसे असतील. उलट उदाहरणही मी सांगितले. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात 1962 साली दाखवलेले कुत्र्याचे पिल्लू दोन-एक दिवसांतच मेले, तेव्हा मुलांना काही न सांगता तसेच दिसणारे दुसरे पिल्लू आणले गेले आणि तेच पुढे वर्षानुवर्षे सगळ्यांचे लाडके झाले.

निर्माते शांतपणे ऐकत होते. त्यांना खलनायक करणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल. ते म्हणाले, "मिस्टर हूपर मुलांना दिसत होते. आपला माणूस मुलांनी कधी पाहिलाच नाही. मुलांच्या दृष्टीने कोणीही गेलेले नाही. तुम्ही त्यांना मृत्यू सांगणार म्हणजे कोणाचा? कासवाचा?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही पुरेसे नाही. मेलेले परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सातच्या दरम्यान उमजते, आणि आमचे प्रेक्षक त्याहूनही लहान होते. आवाज देणारा माणूस वारला असे सांगितले असते, तर समोर हलणारे, बोलणारे कासव जिवंत की मेलेले, हा घोळ त्यांच्या डोक्यात कोणी निस्तरला असता? तरीही मी एक भाग लिहून दिला. त्यात कासव आपल्या बदललेल्या आवाजाबद्दल स्वतःच मुलांशी बोलते, मृत्यूचा उल्लेख अगदी शेवटी येतो, आणि तो टेबलाखालच्या मित्राचा. तो भाग नाकारला गेला. नवा कलाकार जुन्या आवाजाची नक्कल करील आणि मुलांनी विचारलेच तर कासवाला सर्दी झाली आहे असे सांगायचे, असे ठरले.

नवा मुलगा गुणी होता. आवाज त्याने बऱ्यापैकी उचलला होता. पण कासव आता पटकन बोलू लागले. माझा प्रश्न पुरा होतो न होतो तोच उत्तर हजर. दिग्दर्शक खूश होते, कारण भाग वेळेत बसत होते.

मग पत्रे आली. सर्दीचे सांगून झाले होते, त्यामुळे मुलांनी उपाय पाठवले. गरम पाणी पी, पाठीवर पांघरूण घे, कवचात जाऊन झोप. लोकरीची टोपी घातलेल्या कासवाची चित्रे आली. ती चित्रे पाहून स्टुडिओत सगळ्यांना भरून आले आणि ती पडद्यावर दाखवायचे ठरले. त्या गठ्ठ्यात एक पत्र होते, मुलीने सांगितलेले आणि आईने लिहून घेतलेले. त्यात विचारले होते, "कासवाची सर्दी बरी झाली की ते पुन्हा आधी विचार करून मग बोलेल का?"

आवाज बदलला, असे तिने म्हटलेच नव्हते. आम्ही सगळे आवाजाची काळजी करीत बसलो होतो आणि तिच्या नेमके ते लक्षात आले होते, ज्यासाठी तो आयुष्यभर भांडला.

ते पत्र मी वाचायचे आणि "हो, लवकरच!" असे हसून उत्तर द्यायचे, असे संहितेत लिहिले होते. फ्लोअर मॅनेजरने बोटे मोजत खूण केली. मी पत्र वाचले. कॅमेऱ्याकडे पाहिले. कॅमेऱ्याशी बोलताना मी नेहमी एकाच मुलाची कल्पना करीत असे, हजारोंची नव्हे, कारण हजारोंशी बोलू लागले की आवाज भाषणाचा होतो. त्या दिवशी कल्पनेची गरजच नव्हती, कोण विचारते आहे हे पक्के ठाऊक होते. मी म्हणाले, "नाही. कासव आता असेच बोलणार आहे. तुला आधीचे आवडायचे ना? मलाही आवडायचे." टेक थांबला. पुन्हा घ्यायचे ठरले. मी संहितेतले वाक्य म्हणायला नकार दिला. वरून फोन आला, तरी नकार दिला. अखेर ते पत्र वगळून भाग पूर्ण झाला. कराराची मुदत होती तोवर मी काम केले, आणि नवा करार केला नाही.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर एवढेच आहे. त्यानंतर मी मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या आणि नव्या निवेदकांना शिकवत आले.

नवा करार नाकारताना दिलेल्या पत्रात मी ताठ मानेने लिहिले होते की, मुलांशी खोटे बोलणाऱ्या कार्यक्रमात मी राहू शकत नाही. ते वाक्य लिहिणाऱ्या बाईशी माझे तेव्हापासून भांडण चालू आहे. बोलणारे कासव हेच मुळी खरे नव्हते, मग सर्दीचेच एवढे काय, असे मी तिला विचारते. ती म्हणते, कासव हा खेळ होता आणि त्या खेळात मूल आपले भागीदार होते. सर्दी त्याच्यापासून काहीतरी लपवण्यासाठी होती. हे मला पटते. मग मी तिला अमेरिकेतले बाहुलीकार जिम हेन्सन यांची आठवण देते. ते 16 मे 1990 रोजी वारले. त्यांचा कर्मिट बेडूक पुढे स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हातात आणि आवाजात चालत राहिला, आणि त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही. बाहुली माणसामागे टिकते, टिकावी. ती चालवणाऱ्याचीही बहुधा तीच इच्छा असते. आमच्या माणसाचीही असती. यावर ती म्हणते की हेन्सन गेल्याचे साऱ्या जगाला सांगितले गेले होते. तेही खरे. पण जगाला म्हणजे मोठ्यांना, असे मी म्हणते, आणि आमचे भांडण तिथेच अडते.

त्या नव्या मुलाने शेवटच्या दिवशी मला सांगितले, "ताई, थोडा वेळ मिळाला असता तर ते थांबणे मलाही जमले असते." 'बिग बर्ड' साकारणारे कॅरोल स्पिनी 2018 मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांची जागा घेणाऱ्या मॅट व्होगल यांनी त्यांच्या हाताखाली अनेक वर्षे काढलेली होती. आमच्या मुलाला एवढी सवड कोणी दिली नाही. पुढे तो त्या टेबलाखाली बरीच वर्षे बसला, आणि त्याला ते जमले असे ऐकते. मी ते भाग पाहिलेले नाहीत.

मी गेल्यावर मुलांना काय सांगितले गेले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले आठवते: ताई लांबच्या प्रवासाला गेली आहे. म्हणूनच तुम्ही आजही विचारता की कुठे गेला होतात. त्या वाक्यावर मला काही विचारले गेले नव्हते. विचारले असते तर मी काय सुचवले असते, यावर मी बराच विचार केला आहे. "ताई आता इथे काम करणार नाही" एवढेच सांगायला हवे होते, असे मला वाटते. त्यावर "का?" हा प्रश्न आलाच असता, आणि मग पुन्हा त्याच टेबलाखालच्या माणसापाशी यावे लागले असते.

एका कार्यशाळेत एक तरुण शिक्षिका भेटली. ती आमचा कार्यक्रम पाहू लागली ती मी सोडल्यानंतर. तिच्या आठवणीत मी नाहीच. माझी ही सगळी हकिगत तिने लक्ष देऊन ऐकली आणि मग म्हणाली, "पण माझ्यासाठी तर तेच खरे कासव होते." तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.