एकच एरर, आणि तोही दुपारीच

कॉम्प्युटरची स्वस्त रॅम (मेमरी) हाताने सेटिंग बदलून जास्त चपळ करायला गेलो, आणि टीआरएफसी नावाच्या एका आकड्याने माझा अख्खा मे महिना खाल्ला. बाकीचं सगळं दोन संध्याकाळींत उरकलं होतं, तेव्हा नवख्यांनी घाबरून जायचं कारण नाही.

सामान साधंच. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि ८ जीबी रॅमच्या दोन स्टिक. दुकानात सगळ्यात स्वस्त होत्या त्या घेतल्या. उघडी हिरवी पाटी, वर हीटसिंकच्या नावाने पत्रासुद्धा नाही. वेग ३२००, टायमिंग (रॅमला कुठलं काम करायला किती ठोके लागतात ते आकडे; पहिला सीएल, दुसरा टीआरसीडी) २२-२२-२२-५२, व्होल्टेज १.२. आता गंमत बघा. सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं. ३२०० ला २२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. माझ्या जुन्या २६६६ सीएल १९ चे होत होते १४.२५. म्हणजे खोक्यावर वेगाचा आकडा वाढला, पण डाटा हातात यायला लागणारा वेळ होता तिथेच. तेच सीएल १६ वर आणलं की १० नॅनोसेकंद. हे कागदावर मांडलं आणि किडा चावला.

थायफून बर्नर या रॅमची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिप हायनिक्स कंपनीच्या निघाल्या. व्होल्टेज १.३५ केलं, १६-१९-१९-३८ हाताने टाकलं, आणि मशीन पहिल्या फटक्यात चालू. वेग ३६०० करून पाहिला तर पंखे फिरायचे, थांबायचे, परत फिरायचे, आणि शेवटी बोर्ड मुकाट्याने २४०० वर यायचं. वेगाचा नाद सोडला. असं अडकलं तर बोर्डवरच्या सीएमओएसच्या दोन पिनांना पेचकस टेकवा, अर्थात वीज बंद करून, म्हणजे बोर्डाची सेटिंग मूळपदावर येतात. सेल काढत बसायची गरज नाही.

हाव सुटली म्हणून मग सीएल १५ केलं. तेही चाललं! दोन दिवस मी मित्रांना १५ सांगत फिरलो. मग झेनटायमिंग्ज हे चालू टायमिंग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर तिथे १६. गिअरडाउन मोड नावाचं रॅमचं सेटिंग चालू असेल तर विषम सीएल चालत नाही, बोर्ड गुपचूप पुढच्या सम आकड्यावर नेतं. तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) काय टाकलंय त्यावर जाऊ नका, विंडोजमध्ये काय दिसतंय ते बघा.

आता तो टीआरएफसी. कारखान्यातून आलेला आकडा ५६०, म्हणजे ३२०० वेगाला ३५० नॅनोसेकंद. मी आणला ४०० वर, म्हणजे २५०. हे सगळं फेब्रुवारीत. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चारही पास (फेऱ्या) रात्रभर चालवले, एकही एरर नाही. विंडोजमधून रॅम तपासणारं टीएम५ तीन तास, स्वच्छ. सेटिंग सेव्ह केलं आणि विषय संपला असं समजलो.

एप्रिलच्या शेवटी गेम मधेच बंद पडायला लागला. टीएम५ लावलं तर चाळिसाव्या मिनिटाला एक एरर. एकच. शंभर आले असते तर बरं झालं असतं, काहीतरी ठार चुकलंय हे तरी कळलं असतं. इंटरनेटवर लोक छातीठोक सांगतात की अमुक क्रमांकाच्या टेस्टमध्ये एरर म्हणजे तमुक टायमिंग. तेवढ्यावर विश्वास ठेवून मी तीन दिवस टीआरसीडी १९ चं २०, २० चं २१ करत बसलो. प्रत्येक बदलाला दोन तासांची टेस्ट. त्यात आमच्या अकोल्यात मे महिन्यात लाईट जायची ती नेमकी दीड तास झाल्यावर. आई दारातून विचारायची, "झालं का रे बाप्पा तुझं?"

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे रात्री टेस्ट पास व्हायची. रात्री पास म्हणून खुशीत झोपायचं आणि दुपारी परत तो एकटा एरर. व्होल्टेज कमी पडत असेल म्हणून १.४० केलं, तर चाळिसाव्या मिनिटाचा एरर पंचविसाव्याला यायला लागला! व्होल्टेज वाढवून बिघडतं कसं, यात आणखी दोन दिवस गेले.

एका दुपारी वैतागून केबिनेटचं झाकण काढलं आणि सहज स्टिकवर बोट ठेवलं. चटका बसला नाही, पण बोट ठेवून राहवलं नाही. खालून ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट त्या दोन पाट्यांवर. असल्या स्वस्त स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर नसतो, त्यामुळे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये हे दिसलं नव्हतं. आईचा टेबलफॅन आणून समोर ठेवला, सेटिंगला हात न लावता टेस्ट लावली. दोन तास, शून्य एरर. फॅन बंद केला, परत लावली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला आला की महाराज!

कारण नंतर डोक्यात बसलं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे पाझरणारा इवलासा माठ. चार्ज झिरपत राहतो, म्हणून दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेशचा हुकूम सुटतो. तो भरायचं काम पुरं करायला दिलेला वेळ म्हणजे टीआरएफसी. मी तो वेळ कापला होता. थंडीत माठ कमी पाझरतो, तेवढ्यात भागायचं. उन्हाळ्यात पाझर वाढतो आणि भरायला वेळ पुरत नाही. व्होल्टेज वाढवून मी चिप आणखी तापवत होतो.

४१६ केलं, एरर तासाभरावर गेला. ४४८, म्हणजे २८० नॅनोसेकंद: फॅनशिवाय, भर दुपारी, गेम चालवून तापवल्यावरही तीन तास स्वच्छ. व्होल्टेज परत १.३५. टीआरसीडीही परत १९, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी ओरडलोच, शेजारच्या खोलीतून बाबांनी "काय झालं?" विचारलं. काय सांगणार, चारशे अठ्ठेचाळीस झाले म्हणून?

मिळालं काय? एडा या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेटन्सी (डाटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ) ८४ वरून ७३ नॅनोसेकंद. गेममध्ये सरासरी फ्रेम फार वाढले नाहीत, मधेच बसणारे हिसके मात्र गेले. दुपारची टेस्ट दुपारीच करा, खिडक्या बंद करून, आणि टायमिंग एका वेळी एकच बदला. मी सुरुवातीला सहा एकदम बदलले होते, म्हणून कोण चोर ते कळायला महिना लागला.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: सुरुवात करायच्या आधी विंडोजच्या ड्राइव्हची इमेज काढून ठेवा. कच्च्या रॅमवर अपडेट चालू झालं आणि माझं विंडोज उठेनासं झालं, फोटो वाचले ते फक्त दुसऱ्या डिस्कवर होते म्हणून. नवं सेटिंग पहिल्यांदा पेनड्राइव्हवरूनच तपासा, विंडोजमध्ये नंतर जा.