सामाईक भिंतीचा खर्च कोणी करायचा?

2021 च्या जुलैमधील महापुराचे पाणी ओसरले आणि कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील आमच्या आणि शेजारच्या अण्णांच्या घरामधली कंपाउंडची भिंत 22 फूट लांबीला आडवी झाली. गवंड्याने 38,000 रुपये खर्च सांगितला. मी निम्मे-निम्मे म्हणत होतो, अण्णांचे म्हणणे होते, "भिंत तुमच्या वडिलांनी बांधली, पाडली नदीनं, मी कशाला पैसे देऊ?" दोन पिढ्यांचा घरोबा असूनही पुढचे कित्येक महिने आमचे बोलणे कामापुरतेच राहिले.

भिंत नेमकी कोणाच्या जागेत आहे, हेच आम्हा दोघांना ठाऊक नव्हते. प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र कळते, जागेवरची हद्द कळत नाही. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयात फी भरून हद्द कायम मोजणीचा अर्ज द्यावा लागतो आणि लगतच्या मालकाला नोटीस जाते. ती नोटीस त्यांच्या हाती पडण्याआधी मी स्वतः अण्णांच्या सोप्यात बसून सारे सांगितले, हे मला आजही योग्य वाटते. मोजणीत हद्द भिंतीच्या मधोमध निघाली.

तरीही खरा उलगडा पाया उकरल्यावर झाला. अण्णांच्या पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे भिंतीच्या बुडाशी पडून तेथील माती वाहून गेली होती, आणि माझ्या बाजूला फुलझाडांसाठी मीच टाकलेल्या दोन फूट भरावाचा ओला रेटा भिंतीवर येत होता. पुराने केवळ शेवटचा धक्का दिला होता. ते पाहून आम्ही दोघेही गप्प झालो.

दावा दाखल करण्यापूर्वीही असा वाद जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत ठेवता येतो, आणि तेथील तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते, ही माहिती मी काढून ठेवली होती. तिची गरज पडली नाही. पाया आणि भिंत निम्म्या खर्चात, भराव मी काढायचा, पन्हळीला गटारापर्यंत पाइप अण्णांनी जोडायचा, असे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

नव्या भिंतीच्या बुडाशी पाणी निघायला पाइपचे तुकडे बसवले आहेत. 2024 च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, त्या रात्री अण्णांनीच हाक दिली, "बॅटरी घेऊन या, पाइपातनं पाणी निघतंय का बघू."