आजीच्या इरकलीचं परकर-पोलकं घरी शिवलं, माझा अनुभव

लहान मुलीचं परकर-पोलकं घरी शिवायचं मनात असेल तर आधीच सांगते, वरून कसं दिसेल याचा विचार सगळ्यात शेवटी करा, आधी आतल्या बाजूचं बघा. गणपतीच्या आधी दुकानांत जे रेडिमेड लटकवलेले असतात ना, ते वरून एकदम झकास, मोठ्ठा जरीचा काठ, पाठीला गोंडे, सगळं काही, पण आत हात घालून बघा एकदा. शिवणीचे दोरे लोंबतायत, जरीची मागची बाजू उघडीच, अस्तर असलं तर पॉलिएस्टरचं, नाहीतर नाहीच. आणि आपल्या मुंबईचा भाद्रपद म्हणजे पाऊस थांबला की उकाडा, त्यात घरात पाहुणे, समया, आरत्या. गेल्या वर्षी आमचं बाळ आरती संपायच्या आत चड्डी-बनियनवर आलं होतं, मान लालभडक, काखेत पुरळ. सासूबाई म्हणाल्या, "अगं असू दे, देवालाही उकडतंय." पण पैसे गेले ते गेलेच.

म्हणून यंदा ठरवलं की घरीच शिवायचं. मला शिवण येतं म्हणजे फॉल लावणं, उशीचे अभ्रे, पडदे, लेकीचे साधे फ्रॉक इतपत. क्लास वगैरे काही केलेला नाही. मशीन सासूबाईंचं, काळं पायमशीन, त्याला नंतर मोटर बसवलेली. पावसाळ्यात ते आधी पुसून, तेल घालून, जुन्या कापडावर भरपूर टिपा मारून घ्यायच्या, नाहीतर नव्या कपड्यावर तेलाचा डाग ठरलेलाच. आणि चाळीत राहा नाहीतर टॉवरमध्ये, मशीनच्या पायाखाली जाड सतरंजीची घडी टाकाच. रात्री दहाला लेक झोपल्यावर आपलं काम सुरू होतं आणि खालच्यांच्या डोक्यावर घरघर, उगाच सोसायटीच्या ग्रुपवर विषय नको.

कापड आईने दिलं. आजीची नऊवारी इरकल, गर्द हिरवी, लाल काठाची. आई म्हणाली, "पेटीत विरून जाण्यापेक्षा पोरीच्या अंगाला लागू दे, फक्त पदराला कात्री लावायची नाही." पदर मी तसाही कापला नसता, कारण इरकलीत अंगाचे उभे दोरे वेगळे आणि पदराचे वेगळे असतात, ते एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, आणि त्या जोडाजवळ कापलं तर काय काय उसवेल देव जाणे. बाकी नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, चार वर्षांच्या पोरीला त्यातलं दीड-दोन मीटर खूप झालं. प्रश्न इतकाच की कुठलं दीड-दोन मीटर.

जुनी साडी सगळीकडे सारखी जुनी नसते. कासोट्याचा भाग, बसायचा भाग विरतो, आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर घडीवर चिरते. मी काय केलं, साडी पूर्ण उलगडून हॉलमध्ये दोन खुर्च्यांच्या पाठींवर टाकत गेले आणि मागे टॉर्च धरून एकेक हात पुढे सरकवत बघितलं. चांगल्या भागात उजेड सगळीकडून सारखा येतो, विरलेल्या भागात जाळी दिसते, आणि घडीच्या रेषेवर तर अगदी बारीक पांढरी रेघच उमटते. अशा जागी दोन अंगठ्यांनी हलकं ताणून बघायचं, चर्र आवाज आला की तो भाग बाद. खडूने बाद भागावर फुल्या मारत गेले. फुल्यांच्या मधे पदराच्या अलीकडे एक सलग चांगला तुकडा मिळाला. हे काम कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट, शिवून झालेला परकर पहिल्याच दिवशी मांडीवर फाटला तर कोणाला सांगणार.

मग काडी. माझी सगळ्यात आवडती पायरी हीच. कापड काय आहे ते दुकानदार सांगतो त्यापेक्षा काडेपेटी खरं सांगते. कडेचा एक दोरा उपसायचा, चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची वाटी, पोर दुसऱ्या खोलीत, आणि पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. इरकलीच्या अंगाचा दोरा कागदासारखा जळाला, म्हणजे सुती. काठाचा चकचकीत दोरा, ज्याला आई आयुष्यभर रेशीम म्हणत आली, तोही कागदासारखाच जळाला! म्हणजे रेशीम नाही, आर्ट सिल्क, रेयॉन. आईला अजून सांगितलेलं नाही. पण हे कळणं कामाचं होतं, कारण रेयॉन ओलं असताना कमजोर पडतं, म्हणून धुताना काठ चोळायचा नाही, पिळायचा तर अजिबात नाही.

पोलक्यासाठी खण हवा होता. आता आपल्या मराठी घरात ओटीचे ब्लाउजपीस किती असतात ते काय सांगू, कपाटाचा एक कप्पा त्यांचाच, आणि ते या ओटीतून त्या ओटीत फिरतच राहतात, कोणी शिवत म्हणून नाही. सगळ्यांचा एकेक दोरा काढून पेटवला, आणि एक सोडून सगळ्यांचे मणी झाले. जो एक वाचला तो शेजारच्या काकूंनी दिलेला गुळेदगुड्डचा खण, डाळिंबी रंगाचा. खणाचा पन्हा अरुंद असतो, मोठ्या बाईला जेमतेम, पण लहान मुलीला आरामात पुरतो.

रंगाचं पण बघून घ्या. पांढरा रुमाल ओला करून लाल काठावर ठेवला आणि वरून इस्त्री फिरवली, रुमाल गुलाबी. मीठ घालून भिजव असं दोघी-तिघींनी सांगितलं, पण एकदा रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने पक्का होत नाही, जेवढा जादाचा आहे तेवढा जाऊ देणं हाच उपाय. कापलेला तुकडा पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात नुसता बुडवून काढत राहिले, चोळला नाही, आणि सावलीत आडवा वाळवला. पावसाळ्यात वाळायला जो वेळ लागतो तो धरून चाला.

अस्तराची मलमल आणायला मंगलदास मार्केटला गेले. क्रॉफर्ड मार्केटजवळ, मस्जिद स्टेशनवरून चालत, आता मेट्रोचं काळबादेवी स्टेशन झालंय तेही सोयीचं. रविवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, नोकरीवाल्यांना शनिवार हाच काय तो मुहूर्त. आत शिरलात की गल्ल्याच गल्ल्या आणि प्रत्येक जण "आओ मॅडम, क्या दिखाऊं." मलमल हातात घेऊन गालाला लावून बघायची, हसले तर हसू देत. खळ जास्त असेल तर कडक लागते. घरी आणून आधी धुतलीच, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि अस्तर आटलं की वरचं कापड फुगून बसतं. हेच रेडिमेड घेताना कळत नाही, पहिल्या धुण्यानंतर परकर असा विचित्र का दिसतोय.

आता मुख्य गोष्ट. चार वर्षांच्या पोरीला कंबर नसते, पोट असतं. इलॅस्टिक घट्ट केलं की वळ उठतो, सैल केलं की परकर घसरतो आणि पोर दिवसभर एका हाताने तो धरून फिरते. यावर आमच्या गेटजवळच्या अल्टरेशनवाल्या मास्टरांनी युक्ती सांगितली, "ताई, कमरेला बांधूच नका, बंडीला जोडा. वजन खांद्यावर जाऊ द्या." म्हणजे मलमलची बिनबाह्यांची बंडी शिवायची आणि परकराच्या चुण्या थेट तिला जोडायच्या, पोलकं वरून वेगळं. इतकं साधं आणि इतकं बरोबर! बंडीला खांद्यावर टिचबटणं लावली, दोन अंतरांवर, म्हणजे पुढच्या वर्षी एक घर सोडून लावली की उंची वाढली.

माप लेक कार्टून बघत उभी असताना घेतलं, नाहीतर ती इंची टेपच घेऊन पळते. बंडीच्या खालपासून घोट्यापर्यंत 22 इंच. त्यात तीन टक (आडव्या शिवलेल्या घड्या, पुढे उसवून उंची वाढवायला), प्रत्येक अर्ध्या इंचाचा, म्हणजे एकेकाला एक इंच कापड जातं, म्हणून 3 इंच जास्त. वर शिवणीची माया 1 इंच. झाले 26. साडीचा पन्हा साधारण 45 इंच, खालच्या काठापासून 26 इंच मोजून कापलं की खाली काठ आयताच येतो, दुमडायचं कामच नाही. घेर 60 इंच ठेवला, छातीच्या अडीचपट वगैरे, यापेक्षा जास्त घेर लहान मुलांच्या पायात येतो. टक मुद्दाम काठाच्या अगदी लगत वर घातले. पुढे उसवल्यावर टकाची रेघ राहतेच, पण काठाला लागून असली की ती डिझाइनचाच भाग वाटते. आमच्या लहानपणी सगळ्या परकरांना टक असायचे, आई दर दिवाळीला एक उसवायची, हल्ली कोणी घालत का नाहीत कळत नाही. दरवर्षी नवीन घ्यावं म्हणूनच असेल.

अस्तराचा परकर वेगळा शिवून फक्त वर बंडीशी जोडला, खाली मोकळा सोडला. खालीही जोडलं तर दोन कापडं वेगवेगळी ताणतात आणि झोळ येतो.

शिवताना पहिला त्रास सुईचा. मशीनला 16 नंबर होती, पडद्यांसाठी लावलेली, विरविरीत साडीवर तिने टिपेच्या रेषेत भोकंच पाडायला घेतली. 11 नंबर लावली, टाका थोडा लांब केला, वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल केलं, मग मशीन सुतासारखं सरळ चालायला लागलं. चांगल्या पिळाच्या दोऱ्यावर पैसे वाचवू नका, स्वस्त रीळ बाबिनमध्ये गुंता करतं.

आणि आतल्या शिवणी. परकराच्या उभ्या शिवणीला फ्रेंच सीम घातली. आधी उलट बाजू एकमेकींना लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, मग दोरे कात्रून कापड पलटायचं, आणि आता आतून पुन्हा टीप मारायची, पहिली शिवण आणि तिची सगळी टोकं त्या दुसऱ्या शिवणीच्या पोटात बंद. बोट फिरवलं तर नुसती एक गुळगुळीत दोरी लागते. पोलक्याच्या मुंढ्याला (बाही जोडतात त्या गोलाईला) मात्र ही सीम वळत नाही, तिथे मलमलचीच तिरपी पट्टी कापून गुंडाळली. तिरपी म्हणजे खरंच 45 अंशात, सरळ कापलेली पट्टी गोलाईत चुण्या पाडते. खणाचा काठ बाह्यांना, आणि काठाच्या मागे पण मलमल, कारण तोच दंडाला टोचतो.

पोलकं पुढून उघडं ठेवलं. पाठीवर हूक छान दिसतात पण शाळेत किंवा कोणाच्या घरी पोरीला स्वतःला ते काढता यावं की नको? टिचबटणं, आणि प्रत्येक भोकातून दोरा चार-पाचदा. घुंगरू, मणी काही नाही, धाकटा दीड वर्षाचा आहे, जे सुटतं ते त्याच्या तोंडात जातं. लटकन पण कापडाचंच, खणाच्या कातरणांचं.

गौरी जेवल्या त्या दिवशी तिने ते सकाळी घातलं. दुपारी झोपली त्यावरच, उठली, संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायकांमध्ये गिरक्या घेत होती. मानेवर घाम होता, पण पुरळ नाही. सासूबाईंनी परकर उलटा करून आतली शिवण बघितली, बोट फिरवलं आणि "हं" म्हणाल्या, त्यांच्याकडून हे खूप आहे. आत्याला मात्र घेर कमी वाटला.

उरलेल्या चांगल्या पट्टीचे दिवाणाच्या उशांना अभ्रे झाले, मागून मांजरपाट लावून, कारण नुसती जुनी साडी उशीचा ताण सहन करत नाही. पदर आईकडे परत गेला. आणि आता आत्याला तिच्या नातीसाठी तसंच हवंय, घेरदार. तिला म्हटलं, शिवते, पण कापड तू आण, दोरा पेटवून बघेन आणि मणी झाला तर परत देईन.